आईनं भाकरी सोडली

सोलापूर
ता. १६ जानेवारी १९३५

दादा,

वर 'तीर्थस्वरूप' लिहायचं की नाही, यावरच दोन कागद वाया गेले. शेवटी नुसतं दादा लिहिलं. पाया पडण्याइतका मी तुझ्यावर खूश नाही, आणि नावानं हाक मारायची छाती नाही. आहे त्यात भागवून घे.

पत्ता चनबसप्पाकडून काढला. गिरणीच्या रंगखात्यात तुम्ही दोघं शेजारी उभे असायचात, तेव्हा त्याच्याकडं तो असणार हे मला ठाऊकच होतं. पण बेटा देईना. 'आप्पास्नी कळलं तर मला खात्यातनं काडतील की,' म्हणाला. आपले वडील मुकादम आहेत, गिरणीचे मालक नव्हेत, असं मी त्याला ऐकवलं, तेव्हा कुठं त्यानं तोंड उघडलं.

घरात तुझं नाव काढायचं नाही, असा आप्पांचा हुकूम आहे. साखर पेठेतल्या नरसम्माला घेऊन तू मुंबईला गेलास आणि तिथं लग्न लावलंस, हे कळल्यावर ते एवढंच बोलले, 'विणकराची पोरगी, तेलंगी बोलनारी. कशाला जन्माला घातलं त्याला!' आणि मग म्हणाले, 'आजपास्नं मला एकच ल्योक.' तो एकच म्हणजे मी. बघ, घरबसल्या कशी बढती मिळाली.

तुला दोष द्यायला हे पत्र लिहीत नाही. म्हणजे तसा देणार आहेच, पण पुढं. आधी आईचं सांगतो. आईनं भाकरी सोडली आहे.

गेल्या जूनमध्ये मीही आपटलो, हे तुला कळलं नसेल. बी.एस्सी. झालेल्यांसाठी मुंबईत कापडाच्या रंगांचं रसायन शिकवणारा वर्ग निघालाय ना, त्याची प्रवेशपरीक्षा. साऱ्या इलाख्यातनं मोजके घेतात. रसायनात मी बरा होतो, जर्मननं घात केला. रंगाची पुस्तकं बरीचशी जर्मन, म्हणून त्या भाषेचा एक पेपर असतो. नकाराचा कागद आला, त्यानंतरच्या सोमवारी आई सिद्धेश्वराला जाऊन आली. आम्हाला जेवायला वाढलं आणि स्वतः ताक नि भाजके शेंगदाणे घेऊन बसली. भाकरी का नाही घेतलीस म्हटलं, तर म्हणाली, 'सोडलीया.' कशासाठी? 'द्येवाला ठावं.'

नवस फेडून होईस्तोवर बोलून दाखवायचा नसतो, हे तुलाही माहीत आहे. आम्ही पुन्हा विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? घरातला शिकलेला मुलगा नापास होऊन भिंतीला टेकून बसलेला, आईनं देवाला साकडं घातलेलं. साऱ्या गल्लीला ते न सांगता कळलं.

परवा भोगी झाली. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, वर लोण्याचा गोळा. आईनं त्या थापल्या, आम्हाला गरम गरम वाढल्या आणि आपण रताळं सोलत बसली. सणाच्या दिवशी तरी खा म्हटलं, तर म्हणाली, 'सन कुटं पळून जातूया व्हय?'

या जूनमध्ये पुन्हा परीक्षा आहे. मी पुन्हा आपटलो तर ती आणखी एक वर्ष भाकरी खायची नाही, आणि एक वर्ष काढायची ताकद तिच्यात राहिलेली नाही. हे कुणाला तरी सांगायला पाहिजे होतं. आप्पांना सांगता येत नाही, म्हणून तुला सांगितलं. उत्तर दिलंस तर चनबसप्पाच्या नावावर दे.

धोंडीराम


सोलापूर
ता. २४ फेब्रुवारी १९३५

दादा,

तुझं कार्ड मिळालं. 'अभ्यास कर. आईला जप. मला लिहू नकोस.' वा रे वा! आईला जप म्हणे. जपायला तू होतास की इथं. तुला कुणी हाताला धरून गाडीत बसवलं होतं काय?

लिहू नकोस म्हणालास, म्हणून मुद्दाम लिहितोय.

अभ्यास कसा चाललाय विचारशील तर चालत नाही. दिवसा हायस्कुलात बदली मास्तर म्हणून पोरांना उष्णता नि प्रकाश शिकवतो. शाळा सुटली की वाचनालयात जातो असं घरी सांगतो आणि सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जाऊन बसतो. देवळाच्या बाजूनं नाही हां, तिथं आईच्या ओळखीच्या बायका असतात. पलीकडच्या अंगाला बसतो. पुस्तक मांडीवर उघडं असतं, मी पाण्यातले मासे बघतो. अंधार पडला की पुस्तक मिटून, दमल्याचं तोंड करून घरी येतो. आई म्हणते, 'लई वाचलंस बाबा, डोळं मिट वाईच.' तेव्हा मला माझीच लाज वाटते.

हेडमास्तर म्हणतात, आईला डोळ्यांसमोर ठेव, मन आपोआप लागेल. त्यांचं काय जातंय सांगायला! आई डोळ्यांसमोर असते म्हणूनच तर लागत नाही. पान उघडलं की पहिल्या ओळीवर ते ताकाचं भांडं दिसतं.

मंगळवारी ती जात्यावर बसल्या बसल्या कलंडली. शेजारची दगडाबाई धावत आली, कांदा फोडून नाकाशी धरला. मी नुसता खांबासारखा उभा. आई शुद्धीवर आली आणि पहिलं काय म्हणाली असेल? 'पीठ सांडलं न्हाय न्हवं?' दादा, ते पीठ आमच्या भाकरीचं. दळायचं तिनं, थापायचं तिनं, खायचं आम्ही.

दगडाबाई जाता जाता मला म्हणाली, 'मास्तर, एवडं शिकलासा, आता हिच्यासाटी तरी पास व्हा की एकदाचं!' मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तुझ्या निळ्या नखांची आठवण येते. लहानपणी तू कामावरून आलास की मी तुझे हात धुवायला बसायचो आणि रंग जातच नाही म्हणून साबण घासत राहायचो. हा रंग का जात नाही, हे शिकायचं वेड तिथनंच लागलं. म्हणजे या सगळ्याला मूळ कारण तूच.

धोंडीराम


सोलापूर
ता. १४ एप्रिल १९३५

दादा,

तू उत्तर देत नाहीस, बरंच आहे. मध्ये तोंड घालणारं कुणी नसलं की मला मोकळं बोलता येतं.

आईशी भांडलो. सरळ तिच्यापुढं जाऊन बसलो आणि म्हणालो, 'तू आज भाकरी खा, न्हायतर मी परीक्षेला बसत न्हाय. जा!' मला वाटलं, घाबरेल. ती चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, 'नगं बसू.'

'नगं बसू म्हंजे?'

'तुजी परीक्षा तुजी. तू तुजं कर, मी माजं करतीया. एकाचा एकाला काय संबंद?'

संबंध नाही म्हणते! माझ्या डोक्यावरचं ओझं कमी व्हावं म्हणून कशी बोलते बघ. मी चिडून भिंतीवर पुस्तक फेकलं. त्याची पानं निखळली, ती पुन्हा तिनंच गोळा करून दिली, खालची वर आणि वरची खाली.

संध्याकाळी आप्पांना कुणीतरी सांगितलं. ते कधी जास्त बोलत नाहीत, तुला माहीतच आहे. म्हणाले, 'तुज्यापायी वाळाय लागलीया ती. भांडतूस कशाला? त्यापरीस पास हो.' आणि दाराजवळची हवेशीर जागा मला देऊन स्वतःची बाज त्यांनी आतल्या कोंडवाड्यात नेली. या उन्हाळ्यात, दादा! गिरणीत दिवसभर उकडून घेतल्यावर घरात पुन्हा उकडून घ्यायचं. मला नको म्हणता आलं नाही.

त्या दिवसापासून मात्र मी वाचतोय. उमेदीनं नव्हे, रागानं. सगळ्यांचा राग. आईचा, आप्पांचा, दगडाबाईचा आणि सगळ्यांत जास्त तुझा. तू आपला सुटलास. तुझ्या वाटणीचं पोटात दुखणंसुद्धा माझ्याच पोटात ठेवून गेलास. पण राग मोठा कामाचा निघाला. तळ्यावर जाणं बंद केलं. जर्मनची क्रियापदं मोठ्यानं घोकत ओसरीवर फेऱ्या मारतो. दगडाबाईनं आईला हळूच विचारलं म्हणे, 'पोराला काय लागीर तरी झालं न्हाय न्हवं?' आई म्हणाली, 'परीक्षेचं हाय, उतरंल.' बऱ्याच दिवसांनी हसलो.

आता एक गोष्ट लिहितो, ती वाचून विसरून जा. आईचा हा नवस मला छळतो, हे खरं. पण आतून कुठंतरी बरंही वाटतं. तू थोरला. घरात पहिली भाकरी तुझ्या ताटात, सणाला पहिलं कापड तुला, दुखलं-खुपलं की आईच्या तोंडी पहिलं नाव तुझं. मी आपला मागनं आलेला. आणि आता ती माझ्यासाठी उपाशी राहते. आईला उपाशी बघून कुणाला बरं वाटतं काय? मला वाटतं. असला मी आहे.

धोंडीराम


मुंबई
ता. ११ जून १९३५

दादा,

हे पत्र मुंबईत लिहितोय, पण पेटीत सोलापूरला गेल्यावर टाकीन. नाहीतर तू मला शोधत यायचास.

परीक्षा झाली. रसायनाचा पेपर चांगला गेला. जर्मनचा उतारा निळीबद्दल होता, आपली नीळ! तो वाचताना तुझी नखं आठवली आणि मला एकट्यालाच हसू फुटलं. पहाऱ्यावरच्या साहेबानं वर बघितलं. तोंडी परीक्षेत दोन प्रश्न चुकले. आता काय ते होवो.

उतरलो होतो परळला, आपल्या मामांच्या गावच्या बाळासोच्या खोलीत. आईनं निघताना कडक भाकरींचं हे एवढं गाठोडं बांधून दिलं होतं. पापडासारख्या पातळ, निखाऱ्यावर वाळवलेल्या. कितीतरी दिवस टिकतील अशा. सोबत शेंगाची चटणी, तीही डबा भरून. 'अगं, एवढ्या कुणासाठी? मी चार दिवसांत परत येणार,' म्हटलं. तर म्हणाली, 'आसू दे. मुंबैत आपली मान्सं आसत्यात.' मला वाटलं, बाळासोबद्दल बोलते. तिला चक्कर येत होती, मध्येच भिंतीला टेकत होती, तरी भाकरी थापत राहिली. स्वतः एक तुकडाही मोडला नाही. बाळासोच्या खोलीतल्या गड्यांनी दोन जेवणांत सगळ्या फस्त केल्या. गावाकडची चव म्हणून डोळे मिटून खाल्ल्या लेकांनी.

आता जे सांगायला हे पत्र लिहिलं, ते सांगतो. काल तुझ्या चाळीपाशी आलो होतो. आलो आणि वर चढलो नाही. समोरच्या पानाच्या दुकानाशी उभा राहिलो. नरसम्मा गॅलरीत लुगडं वाळत घालत होती आणि शेजारणीशी तेलुगूत काहीतरी बोलून हसत होती. मग तू आलास. वाळलास रे. डोक्यावर केस विरळ झालेत. तिनं वरूनच काहीतरी म्हटलं, तू मान वर करून हसलास आणि जिन्यात शिरलास.

परीक्षेआधी येऊन मन बिघडवायचं नाही, असं ठरवलं होतं. पण परीक्षा तर संपली होती. मग का चढलो नाही? तुम्ही सुखात आहात हे बघवलं नाही, एवढंच कारण. तिकडं आई वाळून चाललीय आणि तू हसतोस कसा, असं भांडण करायला आलो असतो वर. म्हणून परत फिरलो.

धोंडीराम


सोलापूर
ता. १९ जुलै १९३५

दादा,

मी पास झालो. मला त्या वर्गात घेतलंय.

नुसतं एवढंच लिहायचं असतं तर किती बरं झालं असतं. पण घरात जे झालं ते तुला समजायलाच पाहिजे, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

काल दुपारी कागद आला. मी शाळेतून तसाच पळत सुटलो. पेढे घेतले, सिद्धेश्वराला नारळ फोडला आणि घरी येऊन आईच्या पायांवर पडलो. तिनं माझं तोंड कुरवाळलं, बोटं कानशिलावर मोडली, दगडाबाईला हाक मारून पेढा दिला. खूश झाली, दादा, खोटं नाही. संध्याकाळी आप्पा आले. त्यांनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्लाच नाही किती वेळ. मग म्हणाले, 'शाबास.' त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

जेवायला बसलो. मी आईला ओढून आमच्याबरोबर बसवलं. तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी माझ्या हातानं तिच्या ताटात वाढली, वर वांग्याचं कालवण. म्हणालो, 'खा आता. झाला तुझा नवस पुरा.' तिनं भाकरी उचलली आणि परत टोपल्यात ठेवली.

आप्पा म्हणाले, 'आता काय झालं? पास झालाय की पोरगं. सोड की उपास.'

आई म्हणाली, 'त्याच्यासाटी न्हवता त्यो.'

'मग कुनासाटी?'

ती वर बघून, आवाज न चढवता म्हणाली, 'ज्याचं नाव काढायचं न्हाय म्हनून तुमी सांगितलंया, त्याच्यासाटी. त्यो माज्या समोर बसून जेवला, की मी जेवंन.'

आप्पांनी घास ताटात ठेवला, ताटातच हात धुतला आणि उठून बाहेर गेले. मी बसूनच राहिलो. गेलं वर्षभर जे जे केलं ते डोळ्यांपुढनं गेलं. भांडणं, तळ्याच्या पायऱ्या, दगडाबाईचं बोलणं, तुला लिहिलेली ही पत्रं. माझं नापास होणं आणि तुझं जाणं एकाच आठवड्यातलं. आम्ही सगळ्यांनी आपापल्या मनानं हिशेब केला आणि तिनं तो मोडला नाही, कारण मोडायचा तर तुझं नाव काढावं लागलं असतं.

मला काय वाटलं असेल? तिची कीव नाही आली, आधी रागच आला. मी विचारलंही. म्हणालो, 'मग माझ्यासाठी काय केलंस तू? माझ्यासाठी एक सोमवारसुद्धा नाही?' एवढा घोडा झालोय, पण डोळ्यांत पाणी आलं.

ती माझ्याकडं नवलानं बघत म्हणाली, 'तुला कशाला पायजे नवस? तू करनारच हुतास की.'

दादा, वर्षभर ज्याला कशानंच उभारी येत नव्हती ना, त्याच्या आईला एवढी खात्री होती. हे आधी सांगितलं असतंस तर, असं तिला म्हणणार होतो. मग आठवलं, तिनं सांगितलं होतं. तू तुजं कर, मी माजं करतीया.

भांडी घासताना तिनं मला जवळ बोलावलं. इकडं तिकडं बघून हळूच विचारलं, 'मुंबैत भाकरी पुरल्या व्हय दोगांस्नी?'

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, त्या गाठोड्यात एवढ्या भाकरी कशाला होत्या. तिनं नाव न काढता माझ्या हातानं तुझ्यासाठी जेवण पाठवलं होतं. मी भाऊ आहे, जाईनच, हे तिनं धरून चाललेलं. आणि मी ते बाळासोच्या गड्यांना वाटून टाकलं आणि पानाच्या दुकानापासून परत फिरलो.

मी म्हणालो, 'पुरल्या.'

'खाल्ल्या त्यानं?'

'खाल्ल्या.'

'काय म्हनला?'

आता काय सांगायचं होतं मी? म्हणालो, 'चटणीत मीठ कमी पडलंय म्हणाला.' आई अशी हसली, दादा, की तिच्या पडलेल्या दातांच्या जागा दिसल्या. म्हणाली, 'त्याला लहानपनापास्नं मीठ जास्तच लागतंय.' मग तू कसा दिसतोस विचारलं. वाळलाय म्हणालो, केस विरळ झालेत, हसतो मात्र तसाच. नरसम्माचंही सांगितलं. लुगडं कसल्या रंगाचं होतं तेसुद्धा विचारलं तिनं.

आप्पा ओसरीवर होते. दार उघडं होतं, त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. ते आत येऊन ओरडले नाहीत. सकाळी कामावर जाताना मला म्हणाले, 'त्याच्या चाळीत नळ हाय न्हवं?' आहे म्हणालो. या विचारण्याचा अर्थ ये असा होतो की नाही, मला माहीत नाही. तू थोरला आहेस, तू लाव.

माझा वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होतो. त्याआधी तुम्ही दोघं इथं या. आप्पा बोलले नाहीत तर मी बोलेन, बाहेर काढलं तर मीही बाहेर पडेन. पण आईसमोर बसून तू एक भाकरी खाल्ल्याशिवाय मी मुंबईची गाडी धरणार नाही. ती मला काल म्हणालीच आहे, तू करनारच. तेव्हा हेही करीन.

आणि तिनं चटणीचं विचारलं, तर मीठ कमी होतं म्हण. मला खोटं पाडू नकोस.

तुझा,
धोंडू